हिरवळीवरची रेघ

कचेरीतली वीज सकाळीच गेली ती परत आलीच नाही, म्हणून साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीतच घरी पिटाळलं. झालं होतं ते एवढंच. नाहीतर आठवड्याच्या सुरुवातीलाच, भर दुपारी, स्वतःच्याच घराचं फाटक उघडायची वेळ त्याच्यावर कशाला येते! कडी काढून त्यानं एक पाऊल आत टाकलं आणि तो तसाच थांबला. हिरवळीवर पाण्याचा पाइप पडला होता. पाइप पडलेला असतो कधीकधी, त्यात काय एवढं. पण हा पडलेला नव्हता, हा टाकलेला होता. पायरीपाशी सुरू होऊन तो हळूहळू भिंतीपासून दूर सरकत हिरवळीत आला होता, मध्यावर चांगला पोट सुटल्यासारखा फुगला होता, मग जरा आत वळून, पुन्हा मोठा वळसा घेत कोपऱ्यातल्या झाडाखालच्या बाकाला कवेत घेऊन कुंपणाला जाऊन भिडला होता. भिंतीच्या कडेनं त्याच्या बायकोनं लावलेले जुने वाफे होते. हातभर रुंद, सरळसोट, शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे. आणि त्यांच्यापुढे ही अशी ऐसपैस, सुस्त, कुणाची भीडभाड नसलेली रेघ. बाकावर एक कप होता. बशीसकट. पाहुण्यांना काढतात त्यातला. तळाशी चहा वाळून गेला होता. त्यानं कप उचलला, पुन्हा होता तिथेच ठेवला आणि मनाशी म्हणाला, ही रेघ हिची नाही.

आता, एका पाइपवरून एवढं कुणाला कळतं, असं कुणीही म्हणेल. पण तो नकाशे काढणारा होता. सगळी उमर त्याची रेघांत गेली होती. आता कचेरीत नवे नकाशे यंत्रावर होत, तरी जुनी कापडी पानं तपासून पक्की करायचं काम त्याच्याचकडे होतं, आणि जुन्या पानावरची नदी पाहून ती कुणाच्या हातची हे तो बसल्या जागी सांगत असे. अमका वळणावर टाक उचलायचा, त्याच्या नदीला वळणावर गाठी पडायच्या. तमका उतावळा, त्याची किनारपट्टी धावत सुटल्यासारखी. मधल्या सुट्टीत त्याच्यापुढे पान टाकून 'बोला, कुणाची रेघ?' असा खेळच चालायचा, आणि त्या खेळात तो आजवर हरला नव्हता. माणूस खोटं बोलेल, हसेल, गोड बोलेल, पण रेघ लपत नाही, असं तो म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याची मान जरा ताठ व्हायची. बायको पडद्यांच्या दुकानात कापड कापायला होती. पडदा तिरका कापला तर अख्खा तागा वाया जातो, त्यामुळे तिचा हात सरळच जायचा. पाव कापला तरी सरळ. भांगही सरळ. अशा बाईचा हात बाकाभोवती असा लाडात येऊन वळेल? छे. शक्य नाही. ह्या रेघेमागचं मनगट सैल होतं. त्या माणसाला घाई नव्हती. हिरवळ आपल्या बापाची असल्यासारखा तो मनमुराद फिरला होता, आणि बाकापाशी आल्यावर तर त्याला तिथून निघावंसंच वाटलं नव्हतं.

कोण, हे शोधायला लांब जायला नको होतं. गेले काही महिने घरात 'रोपवाले म्हणाले' हे पालुपद चाललं होतं. रोपवाटिकेचा मालक, चारचाकी टेम्पोतून कुंड्या नि खताची पोती घरोघर पोचवणारा, पिकल्या केसांवर मळकी टोपी घालणारा, हसला की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडणारा. रोपवाले म्हणाले, भिंतीला चिकटून वाफे नकोत, झाडांचा जीव गुदमरतो. रोपवाले म्हणाले, डेलिया मागे, पिटुनिया पुढे. रोपवाले म्हणाले, शेवंतीचे शेंडे खुडा, मग बघा कशी भरते. ऐकताना तो 'हूं' करायचा आणि पेपर उलटायचा. मग मध्येच कधीतरी रोपवाले हा शब्द गळून पडला आणि नुसतं 'ते म्हणाले' राहिलं. ते कोण, हे न सांगताही त्याला समजू लागलं, आणि हे आपल्याला समजतं याचंच त्याला जास्त लागलं. बरं, हा माणूस यायचा सकाळचा. तो स्वतः नऊला घर सोडायचा, बायकोचं दुकान अकराला उघडायचं. ती रात्री आठाला परतायची, तो सहाला. म्हणजे सकाळचे दोन तास घर तिचं आणि संध्याकाळचे दोन तास त्याचं, अशी त्यांच्या संसाराची वाटणी किती वर्षांपासून आपोआप होऊन गेली होती. त्या सकाळच्या दोन तासांत काय चालतं, हे त्यानं कधी मनातही आणलं नव्हतं. आता बाकावरच्या कपाकडे बघताना ते दोन तास एकदम त्याच्या डोळ्यांपुढे भरभरून उभे राहिले. ती बाकाच्या ह्या टोकाला, तो त्या टोकाला. मध्ये बशी.

ती आली तेव्हा त्यानं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, लॉनवर पाइप कशाला टाकलाय?"

"वाफे वाढवायचेत ना," ती पिशवीतून भाजी काढत म्हणाली. "रोपवाले म्हणाले, आधी पाइप टाकून ठेवा. येता-जाता बघा, वरच्या खिडकीतून बघा. चार दिवस डोळ्यांना बरं वाटलं तरच कुदळ मारा. आज खताचं विचारायला आले होते तेव्हा म्हणाले." मग हात थांबवून तिनं वर पाहिलं. "तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला काय वाटायचंय? तुला हवं ते कर."

ती भाजी निवडू लागली. कुणी टाकला, एवढे दोनच शब्द विचारायचे होते. विचारले असते तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण विचारलं असतं तर आपल्याला काही खुपलंय हे तिला कळलं असतं, आणि तिनं उत्तर दिलं असतं तर मग करायला काही उरलंच नसतं. मत्सराला उत्तर नको असतं, खुराक हवा असतो. जेवताना तो तिच्या हातांकडे बघत राहिला. नखांत माती होती. पूर्वीही असायची, नाही असं नाही. पण आज ती त्याला दिसली. जेवण झाल्यावर ती धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत बसली, आणि तो खुर्चीत डोळे मिटून पडला असताना त्याच्या कानांवर आलं, "येईन गं. वाफे एकदा होऊ देत, मग येते. हो, ठरलंय माझं. नाही, ह्यांना अजून नाही सांगितलं." काय सांगितलं नाही? कुठे येणार? बहिणीकडे जायला हिला ठरवावं कशाला लागतं? आणि वाफे झाल्यावरच का? मिटल्या डोळ्यांआड ती रेघ पुन्हा उमटली, बाकाशी येऊन वळली, आणि बाईसाहेब निघाल्या की काय, असं त्याच्या मनात आलं तेव्हा त्याला स्वतःचंच हसू यायला हवं होतं, पण नाही आलं.

त्याचे वडील घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचे. भाजीत मीठ किती, गादीची कुठली बाजू वर, खिडकी किती उघडायची, आईनं केस कुठल्या तेलानं माखायचे. आई एकदा जुन्या साडीचा पडदा करून दाराला लावत होती तेव्हा त्यांनी तो दोनदा काढायला लावला होता, आणि तिसऱ्यांदा लावताना आई खुर्चीवर उभी राहून, दाराकडे तोंड करून रडली होती. तो खालून खुर्ची धरून उभा होता. तेव्हाच त्यानं मनाशी पक्कं केलं होतं की आपली बायको येईल तिच्या कशात म्हणून कशात आपण हात घालायचा नाही. लग्न झाल्यावर तिनं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, भिंतींना रंग कुठला द्यायचा. तो म्हणाला होता, "तुला हवा तो दे." केवढ्या मोठ्या मनानं म्हणाला होता! जणू राज्यच तिच्या नावावर करून दिलं. तिनं मग पिवळा दिला. नंतर तिनं विचारलं, बाक कुठे ठेवायचा. तुला हवा तिथे. दुकानातली नोकरी धरू का? तुला हवं तर. ती विचारत गेली, तो देत गेला. कधीतरी ती विचारायची थांबली, आणि त्याला वाटलं, वा, आता हिला स्वातंत्र्याची सवय झाली. आणि आता कुणी टोपीवाला येतो, डेलिया मागे लाव म्हणतो, वाफा पुढे आण म्हणतो, आणि ही ऐकते. नुसती ऐकत नाही, घरभर सांगत सुटते. म्हणजे हिला कुणीतरी सांगायला हवंच होतं की! हा विचार मनात आला तेव्हा त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं ती रेघ आठवून एका पातळ कागदावर काढली. नुसती रेघ, भिंत नाही, बाक नाही. आणि शेजारच्या टेबलावरच्या सोबत्यापुढे सरकवली. ह्या सोबत्याला सगळे रबर म्हणत, कारण तो काढायचा थोडं आणि पुसायचा फार.

"ओळख बघू, कुणाच्या हातची?"

रबरानं चष्मा कपाळावर चढवला, कागद उजेडाकडे धरला. "आपल्यातला कुणी नाही."

"ते मलाही कळतं रे. माणूस कसा, ते सांग."

"माणूस ना? निवांत. पोट भरलेला. घरी कुणी वाट बघत नाही असा, किंवा बघत असेल तर पर्वा नाही असा." त्यानं त्या शेवटच्या वळशावरून बोट फिरवलं आणि डोळे मिचकावले. "आणि बायकांत रमणारा. बघ कसा मुरका मारलाय! का रे बाबा, कुणाच्या प्रेमात पडलास की काय ह्या वयात?"

"गप रे," तो म्हणाला, आणि कागद चुरगाळून त्यानं खिशात घातला. रबराचं काय, तो दिवसभर असाच काहीतरी बरळायचा. पण त्या दिवशी त्यानं एका पानावरचा ओढा रस्ता म्हणून पक्का केला, आणि ते साहेबांनी दाखवून दिलं तेव्हा त्याचे कान तापले. त्याच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती. संध्याकाळी घरी जाताना चौकातल्या फुलांच्या दुकानापाशी, बँकेच्या दारातल्या कुंड्यांपाशी, दवाखान्याच्या आवारातल्या गोल वाफ्यापाशी तो रेंगाळला. जिकडेतिकडे वाफेच वाफे. आजवर हे शहर इतकं फुलांनी भरलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. प्रत्येक वाफ्याची कड तो निरखत होता, आणि जिथे कड जराशी लाडिक वळली होती तिथे त्याला तो टोपीवाला उकिडवा बसलेला दिसत होता.

फाटकातून आत आल्यावर त्यानं बूटही काढले नाहीत. कपाळावर घाम, हातात डबा, तसाच तो बाकापाशी गेला आणि पायानं पाइप ढकलला. बाकाभोवतीचा तो वळसा मोडून त्यानं पाइप चांगला आत ओढला, इतका, की बाक पूर्ण बाहेर पडला. नुसत्या गवतावर. बस म्हणावं आता उघड्यावर. मग त्याला वाटलं, पाय लावणं काही खरं नाही, म्हणून तो खाली वाकला आणि हातांनी नीट केलं. कामाची सवय, राग असला तरी रेघ वेडीवाकडी टाकवेना. पाइप दिवसभराच्या उन्हानं मऊ, कोमट झाला होता. हाताला तो जिवंत लागला. उठताना गुडघा कटकन वाजला आणि त्याला एकदम बरं वाटलं, कुणाच्या तरी श्रीमुखात भडकवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन पाहतो तर पाइप हललेला! बाक बाहेरच होता, पण मधलं पोट आणखी पुढे आलं होतं. अच्छा. म्हणजे गृहस्थ सकाळी येऊन गेले तर. बाकाचा डाव हुकला म्हणून मध्ये पाय पसरले. त्यानं मधलं पोट वीतभर आत दाबलं. तिसऱ्या दिवशी पायरीपाशी नवीनच एक छोटं वळण निघालं. ते त्यानं ठेवलं, कारण ते चांगलं होतं. हे त्याला कबूल करावं लागलं आणि त्यामुळे तो अधिकच पेटला. चांगलं होतं म्हणजे काय, तिथून पायरी उतरणाऱ्याचा पाय वाफ्यात पडणार नव्हता. माणसाला समज होती. त्यानं मग कुंपणाकडचं टोक बदललं. चौथ्या दिवशी समोरच्यानं ते टोक मान्य केलं आणि मध्ये पुन्हा बोटभर पुढे आला. असा तो रोज संध्याकाळी सहा ते आठ त्या न दिसणाऱ्या माणसाशी झगडत होता, आणि रोज दुपारी तीननंतर त्याचं कामात लक्ष लागेनासं झालं होतं. आज काय केलं असेल लेकाच्यानं, हाच विचार. वरच्या खिडकीत उभं राहून तो बघायचा. रेघ दिवसेंदिवस सुरेख होत चालली होती. नकाशावर अशी नदी असती तर त्यानं काढणाऱ्याच्या पाठीवर थाप मारली असती.

घरात मात्र दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. ती वाढताना मध्येच स्वतःशी हसायची. एकदा तर गुणगुणलीसुद्धा. किती वर्षांनी! पूर्वी कपडे वाळत घालताना गुणगुणायची, ते कधी थांबलं हे त्याला सांगता आलं नसतं, पण आता सुरू झालेलं मात्र त्याला सुईसारखं टोचलं. हिचा चेहरा उजळलाय, हे त्याच्या लक्षात आलं. केस तिनं मानेपाशी सैल बांधले होते. त्याला ती आवडली, आणि आवडली म्हणून त्याला ओरडावंसं वाटलं. कुणासाठी हे? तो जेवायचा, पाणी प्यायचा आणि उठायचा. झोपताना त्याला वाटायचं, उद्या सरळ विचारावं. सकाळी वाटायचं, विचारून ती 'हो' म्हणाली तर? ती काही लपवाछपवी करणारी बाई नव्हती. विचारलं तर ती सांगणार, शांतपणे, कापडावर खडूनं खूण करावी तसं. मग पिशवी भरणार आणि बहिणीकडे जाणार. आणि आपण काय म्हणणार? तुला हवं ते कर? हा विचार आला की तो कूस बदलायचा, आणि तिचा श्वास ऐकत पडून राहायचा. ती गेली तर ह्या घरात आपण कशाला हात लावायचा हेही आपल्याला ठाऊक नाही, चहाची साखर कुठल्या डब्यात आहे तेवढंच काय ते ठाऊक, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

रविवारी जाग आली ती कुदळीच्या आवाजानं. खिडकीतून पाहिलं तर ती पाइपच्या कडेनं हिरवळ कापत होती. पदर खोचलेला, पायांत त्याचे जुने बूट. पाइप अजून तिथेच होता आणि ती त्याला अगदी बिलगून कापत होती, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. कापलेल्या गवताचे तुकडे बाजूला रचले होते आणि उघडी पडलेली काळी माती पायरीपासून मध्यापर्यंत आली होती. संपलं, त्याला वाटलं. रेघ पक्की झाली. वाफे झाले की येते, असं ती म्हणाली होती. तो तोंड धुवायलाही थांबला नाही. जिना उतरता उतरता टेम्पोचा आवाज आला, फाटक वाजलं, आणि तो बाहेर येतो तो रोपवाला कुंड्यांचा ट्रे घेऊन आत. त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं. जिन्यातच तयार केलं होतं: आमच्या घरचं आमचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही तुमची रोपं ठेवा आणि निघा. छाती भरून त्यानं श्वास घेतला.

"वा वा वा!" रोपवाल्यानं ट्रे खाली ठेवला आणि टोपी मागे सारली. "साहेब, मानलं तुम्हाला! मी बाईंना नुसतं म्हणालो होतो की पाइप टाकून ठेवा. नंतर मला इकडे फिरकायला झालंच नाही, बायकोला दवाखान्यात ठेवलंय, पळापळ चाललीय नुसती. पण काय आखलंय! हे नजरेचं काम आहे. बाई म्हणाल्याच फोनवर, आमचे हे नकाशे काढतात, रोज कचेरीतून आले की आधी हेच बघतात."

तयार केलेलं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. "आता… कशा आहेत त्या?" एवढंच तो म्हणाला.

"आहेत. बघू." रोपवाल्यानं बाकीच्या कुंड्या उतरवल्या, लिलीचे कंद खोल लावू नका म्हणून बजावलं, आणि चहाला नको म्हणून तो गेलासुद्धा. फाटकापाशी त्याची पाठ जराशी वाकलेली दिसली. दमलेला, म्हातारा व्हायला आलेला, रात्रभर न झोपलेला माणूस. ह्याच्याशी आठवडाभर आपण झुंजत होतो! साप म्हणून भुई धोपटली. पण मग ती रेघ? ते सैल मनगट? तो बायकोकडे वळला. ती कुदळीवर रेलून, घाम पुसत त्याच्याकडे बघत होती.

"पहिल्यांदा पाइप टाकला कुणी?" शेवटी त्यानं विचारलं.

"पहिल्यांदा? टाकला कसला!" ती हसली. "मी सरळ टाकायला गेले, पण इतकी वर्षं वेटोळं घालून पडलेला तो, सरळ होईच ना. इकडून दाबला की तिकडून उठायचा. मला दुकानाला उशीर होत होता. म्हटलं मर, पड कसा पडायचा तसा. बाकाला जाऊन आपला आपणच गुंडाळला मेला." तिनं कुदळ मातीत रोवली. "मला वाटलं, तुम्ही बघणारसुद्धा नाही. विचारलं तर म्हणालात, तुला हवं ते कर. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पाइप हललेला! खोटं नाही सांगत, मी इथे पायरीवर बसकणच मारली. म्हटलं, ह्यांनी? हातानं? मग मीही मुद्दाम जरा पुढे सरकवला. बघू तर काय करतात! तर तुम्ही आत घेतलात. एवढा. मोजून. लॉन कापायचं यंत्र वळायला जागा हवी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं."

यंत्र त्याच्याही डोक्यात नव्हतं.

"मग पायरीपाशी मी वळण काढलं, ते तुम्ही ठेवलंत. त्या दिवशी दुकानात मी दोन पडदे चुकीचे कापले, माहितीय? हसत काय होते एकटीच!" ती हसता हसता थांबली. हातातलं गवताचं मूळ तिनं कुस्करलं. "आता सांगते. मी धाकटीकडे जाणार होते. राहायला. थोडे दिवस म्हणून, पण किती ते ठरवलं नव्हतं. परत यायचं की नाही तेही. भांडण नाही, तंटा नाही, म्हणून सांगायचं तरी काय तुम्हाला? इतकी वर्षं मी आपली एकटीच घर करतेय, असं वाटायला लागलं होतं. तुम्ही भाडेकरूसारखे. वाईट भाडेकरू नाही, चांगले. पण भाडेकरूच." तिनं नाक वर ओढलं. "काल तिला फोन करून सांगितलं, नाही येत म्हणून."

सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. अगं, मी जळत होतो. तुझ्या आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या नावानं. यंत्रासाठी नाही काही, तुम्हा दोघांना फुलांच्या आड बसायला मिळू नये म्हणून. हे जर ती ऐकेल, तर आज संध्याकाळी ती कुठे असेल? तो कापलेल्या मातीच्या कडेकडे बघत राहिला.

"पण एक सांगा," ती जवळ आली. "बाक बाहेर का काढलात? आधी मला वाईट वाटलं. मला फुलांच्या मधोमध बसायचं होतं. मग मी तिथे जाऊन बसून पाहिलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधोमध बसलं की फुलं सगळी पाठीमागे. दिसणार कुणाला? बाहेर बसलं की सगळा वाफा समोर. दोघांनाही दिसेल. म्हणूनच ना?"

ती वाट बघत होती. तिच्या गालाला माती लागली होती.

"हो," तो म्हणाला.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मातीचा, ओलसर, सगळा भार टाकलेला हात; लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती असा हात ठेवायची आणि एका पायावर उभी राहून चपलेतला खडा काढायची. हात सदऱ्यातून कोमट लागत होता. आणि त्या हाताखाली त्याच्या पोटात पुन्हा आग उठली, ह्या आठवड्यात कधी उठली नव्हती अशी. कारण हा हात त्याच्यासाठी नव्हता. तो त्या दुसऱ्यासाठी होता. रोज संध्याकाळी बूटही न काढता जो आधी बायकोच्या वाफ्याकडे जातो, यंत्राला जागा ठेवतो, तिनं काढलेलं वळण राखतो, तिला फुलं समोरून दिसावीत म्हणून बाक बाहेर काढतो, त्याच्यासाठी. त्याच्यासाठी ती गुणगुणली होती, केस सैल बांधले होते, बहिणीला नाही म्हणाली होती. रोपवाल्याला निदान फाटकाबाहेर घालवता आलं असतं. ह्याला कुठे घालवणार? हा त्याचाच सदरा घालून, त्याच्याच खांद्यावर तिचा हात घेऊन उभा होता, आणि त्याच्याइतकं सुखी ह्या घरात आजवर कुणी झालं नव्हतं.

"काय झालं हो?" तिनं विचारलं. "असे ताठ का झालात?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि हात निघू नये म्हणून श्वास रोखून, जराही न हलता उभा राहिला.